पान लागलं

सहादेवला जाऊन पंधरा दिवस झाले आणि गावाने निकालही देऊन टाकला: म्हातारीच्या तोंडामुळे पोरगा गेला. म्हातारी म्हणजे त्याची आई, मालनबाई. हा निकाल गावाला मीच पुरवला. एवढा उशीर कसा झाला, असं दवाखान्याच्या पायरीवर कोणीतरी विचारलं, तेव्हा मी म्हणालो, "मावशी फोनवर नुसतं पान म्हणाल्या." त्यात खोटं काहीच नव्हतं. म्हणूनच ते सगळ्यांना पटलं.

मी दानीएल. श्रीरामपुरात माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. सहादेव आमच्या भागातला सर्पमित्र. चौतीस वर्षांचा, बिनलग्नाचा. साप धरणाऱ्याला पोरगी कोण देणार, असं तोच हसून सांगायचा. कुणाच्या न्हाणीत, कुणाच्या कडब्यात साप निघाला की त्याला फोन यायचा. तो लोखंडी हुक आणि कापडी पिशवी घेऊन मोटारसायकलवर जायचा, साप धरायचा आणि लांब नेऊन सोडायचा. पहिल्या पाच वर्षांत हुकाशिवाय त्याने एकाही विषारी सापाला हात लावला नव्हता. हे मी मुद्दाम सांगतोय.

हात लावायला त्याला मी शिकवलं. मला स्वतःला गांडूळ उचलायची हिंमत नाही, पण दुसऱ्याला अक्कल शिकवायला हिंमत कुठे लागते? त्याचे व्हिडिओ मी काढायचो आणि मीच टाकायचो. हुकाने धरलेला साप कोणी बघत नव्हतं. दोनशे-तीनशे लोक बघायचे, त्यातले निम्मे आमच्याच गल्लीतले. मग एकदा एक धामण हुकावरून निसटली आणि त्याने ती सरळ हातानेच उचलली. तो व्हिडिओ चाळीस हजार लोकांनी बघितला. मी त्याला मोबाईल दाखवला, तर म्हणाला, "धामन हाय रं ती. तिला कुटं ईख असतंय? कोनबी धरंल तिला."

"बघणाऱ्याला कुठे कळतंय?" मी म्हणालो.

त्यानंतर नाग, मग घोणस, सगळं हाताने. व्हिडिओच्या शेवटी दाखवायला मी एक वाक्यही तयार केलं: ज्याला साप कळतो, त्याला साप चावत नाही. सहादेवला ते आवडलं नाही. "आसं लिहू नको. उद्या कोन तरी खरं धरून चालंल," म्हणाला. मी ते वाक्य टी-शर्टवर छापून आणलं आणि त्याला घालायला लावलं. मित्राचा शब्द मोडणं त्याच्या जिवावर यायचं, आणि ते मला पक्कं ठाऊक होतं.

त्या दिवशी सकाळी एका घराच्या मागे विटांच्या ढिगाखाली मण्यार निघाली. काळी कुळकुळीत, ओल्या सायकलच्या ट्यूबसारखी, अंगावर पांढरे बारीक पट्टे. मण्यार दिवसा गरीब असते, डोकं अंगाखाली लपवून पडून राहते. तिचे दात एवढे बारीक की चावली तरी मुंगी चावल्यासारखं वाटतं, सूजसुद्धा येत नाही, आणि विष मात्र नागाहून जहाल. हे सगळं मला सहादेवनेच सांगितलं होतं. त्याला ती लगेच कालव्याकडे नेऊन सोडायची होती. मी म्हणालो, आता ऊन डोक्यावर येईल, चार वाजता उजेड चांगला येईल. मग सहा तास तो जीव प्लॅस्टिकच्या बरणीत माझ्या दुकानाच्या फळीवर होता, आणि गिऱ्हाईकं त्याचे फोटो काढत होती.

चार वाजता कालव्यावर दोन मिनिटांचा व्हिडिओ झाला. सहादेवने मण्यार तळहातावर घेतली, दुसऱ्या हातावर खेळवली आणि गवतात सोडून दिली. "जा बाई," तिला म्हणाला. परत येताना स्टँडवर मी त्याला तंबाखूचं पान खिलवलं. एप्रिलमध्ये त्याला असंच पान लागलं होतं, घाम सुटून तो माझ्या दुकानाच्या बाकावर आडवा झाला होता, आणि मी लिंबू पिळून दिल्यावर तासाभराने उठला होता. त्यावरून मी त्याला चिडवलं. तो नेहमीसारखा हसला नाही. घाई आहे म्हणाला आणि घरी गेला.

दिवे लागायच्या वेळेला फोन आला. नाव सहादेवचं, आवाज मालनमावशींचा.

"दानू, सहादेवला पान लागलंय रं. त्योच म्हनला, दानीएलला फोन लाव. गाडी घिऊन ये."

मला हसू आलं. खरंच सांगतो, मी हसलो. "काही नाही होत मावशी. लिंबू पिळून द्या त्याला आणि जरा पडू द्या. उतरेल."

"उतरंल?"

"तासाभरात उतरेल. मागेही उतरलं होतं."

"बरं बाबा. तुमी रोज त्यातलीच मानसं. तुला कळतंय," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. मी एका मोबाईलची काच बदलत होतो, ती बदलत राहिलो.

आमच्या घरी सापाचं नाव घ्यायला कोणी घाबरत नाही. बायबल उघडलं की सुरुवातीलाच तो भेटतो, आणि माझी आई ते मोठ्याने वाचायची. मालनमावशींच्या घरात मात्र साप चावला असं तोंडाने म्हणायचं नाही, म्हटलं की विष चढतं. पान लागलं म्हणायचं. त्यांच्या पिढीच्या अर्ध्या जिल्ह्याला हे माहीत आहे. रोज सापाचे व्हिडिओ टाकणाऱ्या दानीएलला माहीत नव्हतं.

सव्वा तासाने पुन्हा फोन आला. "दानू, त्याच्या पापन्या उघडंनात. जीब जड झालीय. लिंबूबी गिळंना." पापण्या मिटणं मण्यारीच्या विषाचं लक्षण, हे मीच एका व्हिडिओत वाचून दाखवलं होतं.

शेजाऱ्याचा टेम्पो घेऊन मी पोचलो तेव्हा तो भिंतीला टेकून बसला होता. शुद्धीवर होता, सगळं ऐकत होता, पण मान धरवत नव्हती. मावशी त्याचे तळपाय चोळत होत्या. दवाखान्यात डॉक्टरांनी लगेच इंजेक्शनं सुरू केली, पण म्हणाले, फार वेळ गेलाय, श्वास मंदावतोय, मशीन लागेल, नगरला हलवा. राहुरीच्या अलीकडे अॅम्ब्युलन्समध्ये त्याचा हात माझ्या हातात थंड पडला. टी-शर्ट तोच होता. ते वाक्य मी सगळा रस्ताभर वाचत होतो.

तिसऱ्या दिवशी दुकानाचं शटर आतून ओढून मी तो व्हिडिओ सावकाश करून बघितला. एक मिनिट चाळीस सेकंदांनी मण्यार मान वळवते आणि त्याच्या अंगठ्याशेजारच्या मांसाला तोंड लावते. सहादेवचा हात दचकतो. तो हाताकडे बघतो, मग माझ्याकडे. आणि मागून माझा आवाज येतो, "हलू नको. तसाच धर, भारी येतंय." तो आणखी सतरा सेकंद तसाच धरून उभा राहतो. त्याला कळलं होतं. ते वाक्य छापलेला टी-शर्ट घालून, माझ्यासमोर, साप चावला असं म्हणायची त्याला लाज वाटली असणार. घरी गेल्यावर, त्रास सुरू झाला तेव्हा त्याने ते आईला सांगितलं, आणि आईने मला.

व्हिडिओ मी पुसला नाही. कोणाला दाखवलाही नाही. दाखवून माणूस थोडाच परत येणार आहे, असं मी स्वतःला समजावलं. भित्र्या माणसाला असली वाक्यं लवकर सुचतात.

आज मावशींनी बोलावणं पाठवलं म्हणून गेलो. बाहेर ओट्यावर सहादेवचा चुलता भिमाजी भेटायला आलेल्या चार माणसांना तेच सांगत होता, "साप चावला म्हनली आसती तर वाचला आसता. पर बाईला अक्कल कुटली." आवाज आतपर्यंत येत होता. मावशी चुलीपुढे नुसत्या बसल्या होत्या, चूल पेटलेली नव्हती.

"त्या दिसाचं चित्र हाय म्हनं तुज्याकडं," त्या म्हणाल्या. "चालता-बोलता बघू दे मला एकदा."

मी आवाज बंद करून व्हिडिओ लावला. त्यांनी मोबाईल दोन्ही हातांनी धरला. सहादेव कालव्यावरून चालत आला, हसला, त्याचे ओठ हलले.

"याला आवाज न्हाई का?"

नाही म्हणून मोकळं होता आलं असतं. त्यांना मोबाईलमधलं काही कळत नाही. बाहेर भिमाजी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागला होता. मी आवाज सुरू केला.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाल्या, "फिरून लाव." दुसऱ्यांदा 'तसाच धर' आलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"ह्यो तुजा आवाज."

"हो मावशी."

"तवाच चावलं?"

"हो. पण मला तेव्हा दिसलं नाही, मावशी. शपथ."

"म्होरं तर तूच हुतास."

त्या रडल्या नाहीत, रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. पदराने मोबाईलची काच पुसून त्यांनी तो माझ्या हातात दिला.

"पंदरा दीस झालं," त्या म्हणाल्या, "मला वाटतंय माज्याच तोंडानं गेला. घास उतरत न्हाई. आन् तुला म्हाईत हुतं."

"बारा दिवस, मावशी."

"भाईर भिमाजी बसलाय. त्याला ऐकव. समद्यांना ऐकव."

मी उठलो. मोबाईलचा आवाज होता तेवढा सगळा वाढवला आणि ओट्यावर आलो. भिमाजीने सरकून मला बसायला जागा केली. मी उभाच राहिलो.

"तात्या, मावशी पान म्हणाल्या ते बरोबर म्हणाल्या," मी म्हणालो. "सहादेवला साप चावला होता आणि तेव्हा तसाच धर म्हणणारा मी होतो. हे ऐका."