तानुबाईचं रडणं

शूटिंग सुरू होऊन आठवडा व्हायच्या आतच युनिटमध्ये कुणी कुणाशी धड बोलेनासं झालं होतं. कॅमेरामन नागसेन जेवणाचं ताट घेऊन गाडीत जाऊन बसायचा. दिग्दर्शक प्रीतम कुणालाच नावानं हाक मारत नसे. नागसेन म्हणजे 'कॅमेरा', आणि सबीहा म्हणजे 'साउंड'. "ओ साउंड, झोपली का?" असं तो सगळ्या अंगणासमोर ओरडायचा. सबीहा फक्त अंगठा वर करायची.

सबीहा अकोल्याच्या जुन्या शहरातली. लग्नं, कव्वालीचे कार्यक्रम, पुढाऱ्यांच्या सभा असे आवाज टिपत टिपत ती इथवर आली होती. हा तिचा पहिला सिनेमा, म्हणून ती सगळं गिळत होती. प्रीतम मूळचा अमरावतीचा, पण मुंबईला जाऊन बरीच वर्षं झालेली. 'माझ्या मातीतला सिनेमा' असं तो सगळ्यांना सांगायचा. त्या मातीतल्या माणसांनी चहाला उशीर केला की मात्र त्याचं डोकं फिरायचं.

शूटिंग अमरावतीजवळच्या वलगावला तानुबाईच्या घरी चाललं होतं. तानुबाई शेतमजुरी करणारी विधवा. घर बघायला गेलेल्या प्रीतमला तिचा चेहरा आवडला आणि त्यानं तिलाच सिनेमातली आई केलं. ती नटी नव्हती, पण सांगितलं तेवढं नीट करायची. भाकरी थाप म्हटलं की थापायची, दारात उभी राहा म्हटलं की राहायची. अडलं ते रडण्यापाशी. मुलगा मेल्याची बातमी येते आणि आई रडते, असा प्रसंग होता. तानुबाईला रडूच येईना. ती पदर तोंडाला लावायची आणि हसू आवरायची. प्रीतम सकाळपासून तोच शॉट घेत होता आणि दर वेळी आधीपेक्षा घाणेरडं बोलत होता.

तानुबाईच्या पदराआड छोटा माइक लावायचं काम सबीहाचं. बाई बाईशी बोलते तसं त्या दोघींचं रोज थोडं बोलणं व्हायचं. एकदा माइक लावून घेता घेता तानुबाई म्हणाली होती की तिचा पोरगा सुखदेव सुरतेला कामाला गेला तो गेलाच. आधी फोन यायचा, मग तोही बंद झाला. जिता आहे की नाही तेही ठाऊक नाही. घरात त्याचं नाव कुणी काढत नाही. "तुले म्हून सांगतलं," असंही ती म्हणाली होती. सबीहानं तिचा हात दाबला होता आणि तो विषय तिथंच ठेवला होता.

दुपारी जेवणानंतर सबीहा हेडफोन लावून आवाज तपासत होती. बातमी आणणाऱ्या माणसाचं काम अमरावतीचे जुने नाटकवाले देवराव करत होते. त्यांच्याही सदऱ्याला माइक होता आणि तो चालू होता. घरामागे प्रीतम त्यांच्याशी हळू आवाजात बोलत होता, ते सबीहाला कानात स्वच्छ ऐकू आलं. शॉटमध्ये सिनेमातल्या मुलाचं नाव घ्यायचं नाही, प्रीतम सांगत होता. म्हणायचं, सुखदेव गेला, सुरतेहून फोन आला.

देवराव म्हणाले, हे बरं नाही. प्रीतम म्हणाला, बरंवाईट मी बघतो.

सुखदेवचं नाव प्रीतमला कळलं कसं, हे सबीहाला त्याच क्षणी उमगलं. दिग्दर्शकाकडेही एक हेडफोन असतो आणि तिनंच तो रोज सकाळी त्याच्या हातात दिला होता. तानुबाई तिच्याशी बोलत होती तेव्हा माइक चालू होता आणि हा माणूस अंगणापलीकडे खुर्चीत बसून सगळं ऐकत होता.

ती तरातरा त्याच्यापाशी गेली. असं केलं तर मी काम करणार नाही, असं तिनं तोंडावर सांगितलं.

"तुझं काम ऐकायचं आहे," प्रीतम म्हणाला. "बोलायचं नाही. जायचं तर जा. मग अमरावती-अकोल्यात तुला माइकची वायर धरायलाही कुणी बोलावणार नाही, एवढं मी बघतो."

मग तो कॅमेऱ्याकडे वळला आणि त्यानं सगळ्यांना जागेवर यायला सांगितलं.

तानुबाई ओट्यावर येऊन बसली. सबीहा तिच्यापासून हाकेच्या अंतरावर होती. माइक नीट करायच्या निमित्तानं जाऊन कानात दोन शब्द सांगता आले असते. ते तिच्या मनात आलंही. पण तिच्या डोक्यात प्रीतम भरला होता. त्याला कुठं दुखेल एवढंच ती शोधत होती, आणि ते तिला सापडलं. आवाजाशिवाय हा शॉट त्याच्या काय कामाचा? प्रीतमनं "साउंड?" विचारलं तेव्हा ती "रोलिंग" म्हणाली पण रेकॉर्डरचं बटण तिनं दाबलं नाही.

देवराव अंगणात आले. खाली बघत त्यांनी ते वाक्य म्हटलं.

तानुबाईनं इकडंतिकडं पाहिलं, जणू दुसरंच कुणी काही बोललं असावं. मग उठून तिनं देवरावांचं मनगट धरलं. "कोनाचा फोन आला? कुठी आहे तो?" देवरावांना पुढचं वाक्यच दिलेलं नव्हतं. ते कॅमेऱ्याकडे बघू लागले. तानुबाई तिथंच खाली बसली आणि तिच्या तोंडून जे निघालं त्याला रडणं म्हणवत नव्हतं. रेकॉर्डर बंद होता, पण माइक चालूच होता. तो आवाज सगळ्यात जवळून सबीहानं ऐकला. तिनं हेडफोन ओढून काढला, तरी अंगणात तो होताच.

प्रीतमनं बराच वेळ 'कट' म्हटलं नाही. म्हटलं तेव्हा तो एकटाच टाळ्या वाजवत पुढं आला. म्हणाला, आजी, झालं, शूटिंग होतं, खोटं होतं सगळं.

तानुबाईनं तोंड वर केलं. "म्हंजे सुखदेव आहे?"

"ते मला काय माहीत?" प्रीतम म्हणाला आणि आवाज ऐकायला सबीहाकडे आला.

रेकॉर्ड केलं नाही, असं तिनं सांगितलं. विसरले नाही, मुद्दाम केलं नाही, हेही सांगितलं. प्रीतमनं आईवरून शिवी दिली. ती तिनं तशीच परत केली. वलगावच्या त्या अंगणात बाईच्या तोंडून तसली शिवी कुणी ऐकली नसेल. आपण जिंकलो असं सबीहाला वाटलं, पण ते तेवढ्यापुरतंच. कारण प्रीतम पाठ फिरवून सरळ तानुबाईपाशी गेला आणि वाकून म्हणाला, "आजी, आता फक्त आवाज पाहिजे. तसंच अजून एकदा."

तानुबाईचे दीर किसनराव इतका वेळ गोठ्याशी उभे होते. त्यांनी लाइटचा स्टँड उचलला आणि रस्त्यावर भिरकावला. मग दुसरा उचलला. गल्लीतली माणसं गोळा झाली आणि युनिट सामान कवटाळून गाडीकडे पळालं.

सबीहा माइक काढायला तानुबाईपाशी गेली. तानुबाईनं तिचा हात झिडकारला.

"त्याचं नाव म्या तुलेच सांगतलं व्हतं."

सबीहानं सांगितलं की मी कुणाला बोलले नाही, तो त्याच्या हेडफोनमधून ऐकत होता.

"अन् आज तो काय करून राहिला, हे तुले कवा समजलं?"

"शॉटच्या आंधी."

"मंग मले काहून नाई सांगतलं?"

"मावशी, म्या रेकॉर्ड नाई केलं. तुमचं रडनं त्याच्यापाशी नाई."

"त्याचं म्या काय करू?" तानुबाई म्हणाली. तिनं पदराआडचा माइक स्वतःच उपटला आणि मातीत टाकला.

प्रीतमचा सिनेमा पुरा झाला. मुंबईच्या कुण्या बाईनं तानुबाईचं रडणं आपल्या आवाजात भरलं. नागसेननं तो तुकडा सबीहाला फोनवर पाठवला. तिनं हेडफोन लावला. रडणं साफसूफ होतं, मधे श्वास घ्यायलाही न अडखळणारं. तिनं ते अर्ध्यात बंद केलं. साउंडवाली बटण दाबायला विसरते, असं प्रीतमनं सगळीकडे पसरवलं होतं आणि सिनेमावाल्यांकडून येऊ लागलेले कामाचे फोन थांबले होते. ती पुन्हा लग्नांची कामं घेऊ लागली.

काही महिन्यांनी अमरावतीचं काम आटोपून ती वलगावला गेली. घराला कुलूप होतं. किसनराव शेजारच्या फाटकात उभे राहिले, ये म्हणाले नाहीत. तानुबाई सुरतेला गेली, एवढं त्यांनी सांगितलं. त्या दिवसापासून तिला झोप नव्हती. मेला म्हणून एकदा कानावर आलं ते खोटं, हे तिला पटतच नव्हतं, आणि खरं हेही पटत नव्हतं. पोराचा फोटो घेऊन ती आता गिरण्यांच्या दारांवरून फिरते. तिकडून फोन येतो, पण सांगण्यासारखं काही नसतं.

सबीहानं सुरतेचा नंबर मागितला.

"आता अजून काय आयकाचं आहे तुले?" किसनराव म्हणाले आणि फाटकाला कडी घातली.

सबीहा खांद्यावरची बॅग सावरून बसच्या थांब्याकडे निघाली.