सैल बसणारा फोटो

आमच्या स्टुडिओत खुंटीला घड्याळाची साखळी टांगलेली असायची. नुसती साखळी, घड्याळ नव्हतंच. नॉर्वेतल्या आमच्या स्टाव्हांगरमधले निम्मे पुरुष तीच लावून फोटोत श्रीमंत झाले. बायकांसाठी लेसची एक कॉलर होती. मागून टाचण्या किती लागल्या, यावरून कुणाच्या घरी लोणी पोचतं ते मला कळायचं. फोटो आमचे हे काढत. माणसं मी उभी करत असे. एकटा पुरुष असला तर उभा. जोडपं असलं तर नवरा खुर्चीत, बायको मागे, तिचा हात त्याच्या खांद्यावर. तो हात दिसला की पाद्रीबाबाला काही विचारायला नको.

अमेरिकेचं जहाज सुटायला दोन दिवस उरले असताना तोरबोर्ग आली. मासे खारवणाऱ्या बायकांतली; हाताला खारा वास, जिभेला धार. गाय विकून, खोली सोडून नवऱ्याकडे निघाली होती.

"मॅडम, आमच्या एलर्टला जरा रुंद करून द्या. अल्बमच्या खाचेत ठरत नाही, घसरून पडतो. तिकडे उपाशी ठेवतात की काय!"

फोटो शिकागोहून आलेला. एलर्ट नव्या कोटात, खुर्चीत बसलेला. असे फोटो सगळीकडे एकाच मापाचे, म्हणून तर कुणाचाही कुणाच्याही अल्बममध्ये बसतो. हा बोटभर कमी होता. एक कड कात्रीने कापलेली, तीही वाकडी.

"कापला कुणी गं?"

"त्यानंच. पाकिटात मावला नसेल. पावसुद्धा तिरकाच कापतो मेला."

ती हसली. मीही हसले, पण जरा उशिरा.

"ठेवून जा. उद्या ये."

"मला कसली घाई? पेटी बांधून झालीये. बघू तरी तुमची जादू."

पुठ्ठा बदलायचा तर फोटो भिजवून सोडवावा लागतो. मी बशीतल्या कोमट पाण्यात तो सोडला. एलर्टच्या खांद्यावरून काळा ओघळ निघाला. शाई.

"कोटाचा रंग जातोय! स्वस्तातला घेतलान वाटतं," म्हणत तोरबोर्ग वाकली, ती वाकलेलीच राहिली.

खांद्यावर एकेक बोट वर येत होतं. चार. एकात अंगठी. मनगट कात्रीने नेलं होतं.

"बहीण असेल कुणाची तरी," मी म्हणाले.

"मॅडम, अख्ख्या गावाला उभं तुम्हीच करता ना?"

मग तिनं हात पुसले. "माझाही एक काढा. आत्ताच."

कॉलर नको म्हणाली. रिकाम्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली आणि हात पुढे केला, हवेतच.

"खुर्चीवर टेकव. हलेल."

"खांदा असतो तिथंच राहू दे."

आमच्या ह्यांनी कॅमेऱ्याच्या भिंगावरचं झाकण काढलं. एरवी तेवढ्या वेळात धडधाकट खलाशीही डुलतात.

"कुठं पाठवायचा?" मी विचारलं.

"एलर्टच्या पत्त्यावर. नाव मात्र त्याचं नको. 'घरच्या बाईंना' असं लिहा."

"आणि तू?"

"टपाल त्याच जहाजानं जातं ना? मग बरोबरच पोचू."

संध्याकाळी ह्यांनी फोटोची काच उजेडात धरली. चेहरा किंचित हलला होता. हात नाही.