पुरावा क्रमांक चार

मित्रांनो, माझ्या मुठीला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी दिसली का? ‘पुरावा क्रमांक चार’. मी एक जुना लष्करी टेलिफोन आहे, पण आता सगळे मला याच नावाने ओळखतात.

कारखान्यात एका बाईने माझ्या तारा गुंडाळल्या आणि मी टेकडीवरच्या चौकीत रुजू झालो. तिथल्या टेलिफोनवाल्या शिपायाने मला जिवापाड जपले. पाऊस आला की स्वतःचे पांघरूण माझ्यावर घालायचा. तार तुटली की चिखलात रांगत जाऊन जोडून यायचा. कामातही चोख. आलेला हुकूम तो मोठ्याने परत म्हणायचा, वेळेसह वहीत लिहायचा आणि मगच तोफेकडे पोचवायचा.

एका दुपारी कप्तानाचा आवाज आला, “त्या शाळेवर गोळा टाका.”

“साहेब, आत गावातली माणसं लपलीत. बायका-पोरं आहेत.”

“तुला विचारलं का मी? लिहीत बसू नकोस. आधी टाका.”

शिपायाने हुकूम परत म्हटला आणि तोफेला ओरडून सांगितला. पेन्सिल हातातच राहिली. शाळेत अकरा माणसे मेली.

शिपायावर लष्करी न्यायालयात खटला चालला. तिथे कप्तानाने सरळ कानांवर हात ठेवले. “मी फोन केलाच नव्हता.” वहीचे पान तर कोरेच होते. मी चालतो का ते पाहायला कारकुनाने दुसरा फोन जोडून माझी घंटी वाजवली. आरोपी शिपाई सवयीने ताडकन उठून उभा राहिला. कप्तान मात्र स्वतःच्या बुटांकडे बघत बसला. हा धडधडीत खोटे बोलतो आहे, असे मला ओरडून सांगायचे होते. पण माझे ऐकतो कोण?

न्यायाधीशांनी शिपायाला विचारले, “समजा, हुकूम आला होता. तुला नाही म्हणता आलं नसतं?”

शिपाई म्हणाला, “आलं असतं, साहेब. तार तुटली, ऐकू आलं नाही, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं.”

मागच्या बाकावर त्याची आई पुटपुटली, “लहानपणापासून असाच. सांगितलेलं मुकाट्यानं ऐकणारा.”

त्याला वीस वर्षांची शिक्षा झाली. कप्तान टोपी घालून घरी गेला.

मी आता कोठाराच्या फळीवर धूळ खात पडलो आहे. मला पुसा, तेलपाणी करा, असे मी म्हणणार नाही. मी यंत्र आहे, आलेला शब्द पुढे ढकलणे एवढेच मला येते. तुम्ही तसे करू नका, मित्रांनो. तुम्हाला नाही म्हणता येते.

वाऱ्याने, पावसाने, बकऱ्यांनी चावल्याने माझी तार शंभरदा तुटली. त्या दुपारी मात्र ती शाबूत होती, याचे मला फार वाईट वाटते.