न कापलेली फीत

गेल्या खेपेला माझ्या सुनेचं, अंजनीचं, बाळ बदलापूरला पोचायच्या आधी टेम्पोतच गेलं. त्याच बाळावर भाषणं ठोकून आमच्या पाड्याचा पुढारी प्रमोद याने दवाखान्याची गाडी मिळवली. ती आठवडाभर देवळापुढे उभी होती, झेंडूच्या माळा घालून, दाराला लाल फीत बांधून. आमदारसाहेब येऊन फीत कापणार, मगच ती हलणार. शोभेचा बैल बरा, तो निदान शेण तरी टाकतो.

आज सकाळी अंजनीला कळा सुरू झाल्या. आशाताई अस्मिता म्हणाली, "पाणमोट फुटलीय, काकी. उल्हासनगरला न्यायचं, आत्ताच." दुसरी गाडी लांब होती. म्हणून अंजनीला धरून देवळापाशी आणलं.

प्रमोद कडक इस्त्रीत उभा. म्हणतो, "मावशी, तासभर कळ काढा. साहेब अंबरनाथपर्यंत आलेत. फीत कापायच्या आधी गाडी वापरली तर बरं दिसतं का?"

"गेल्या वेळी बरं दिसलं होतं का रे, मेल्या?" मी म्हटलं. ड्रायव्हर रघुकडे पाहिलं, तर तो म्हणे, "ऑर्डर नाय, काकी."

ताटात कुंकू लावून ठेवलेली साहेबांची कात्री मी उचलली आणि फीत कापली. तुकडा कनवटीला खोचला. "झालं उद्घाटन. टाळ्या वाजव." प्रमोदने कपाळाला हात लावला. तेवढंच त्याला जमतं. रघुने मात्र मुकाट्याने चावी फिरवली.

आत बघते तर स्ट्रेचरवर साहेबांच्या नाश्त्याचे खोके. कपाटं रिकामी, साधा हातमोजा नाही. बाहेरून मात्र दोन्ही बाजूंना प्रमोदचा हसरा फोटो. थू तुझ्या जिंदगानीवर. खोके मी रस्त्यात फेकले.

अंबरनाथ पूर्वेला साहेबांच्या ताफ्यासाठी रस्ता अडवलेला. तिथेच अंजनी बाळंत झाली. मुलगी. आधी रडलीच नाही. अस्मिताने पाठ चोळली तेव्हा कुठे भोकाड पसरलं, आणि मीपण रडले. नाळ बांधायला गाडीत दोरा नव्हता. मी कनवटीची फीत काढून दिली.

उल्हासनगरला दवाखान्याच्या दारात उतरतोय तोच प्रमोदचा फोन. साहेब मांडवात येऊन बसले होते. "मावशी, गाडी राहू दे. फीत तरी पाठवा. दोन खांबांना बांधून कापू, फोटोपुरतं."

"नातीच्या नाळेला बांधलीय," मी म्हटलं. "सोडून पाठवू का?"

"थांबा, साहेबांना विचारतो," तो म्हणाला.