ओळख नाही, पण ओळखते

तिला घरीदारी सगळे भिंगरी म्हणत, आणि त्या सकाळी कोर्टातल्या साक्षीदारांच्या खोलीत तिने ते नाव पुरेपूर सार्थ केलं. खिडकीपाशी गेली, पाणी प्यायली, परत खिडकीपाशी. बाकावर टेकते न टेकते तोच पुन्हा उठली.

"अगं, बूड टेकव जरा," मावशी म्हणाली. "तुझ्याकडे बघून मलाच चक्कर यायला लागली."

"आत गेल्यावर तोंडच उघडलं नाही तर?"

"शाळेच्या नाटकात तर तोंडाला लगाम नसतो तुझ्या."

"तिथं समोर तो नसतो, मावशी."

तो, म्हणजे कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात शिरून दुकानदारकाकांना लोखंडी गजाने बडवणारा. काकांचा एक कान कायमचा गेला. तेव्हा दुकानात आणखी एकच माणूस होतं: खोकल्याचं औषध आणायला गेलेली भिंगरी, कपाटाआड अंग चोरून उभी. तिने त्याचा चेहरा नीट पाहिला होता, आणि आता सगळी भिस्त तिच्यावरच होती. ती डगमगली तर तो सुटणार आणि पुन्हा त्याच रस्त्याने हिंडणार.

साक्षीदारांना सांभाळायला कोर्टाने एक ताई नेमल्या होत्या. भिंगरीने त्यांचं नाव मनातल्या मनात आधारताई करून टाकलं होतं. त्याच्या माणसांच्या नजरा झेलत व्हरांड्यात बसायला लागू नये, म्हणून ही वेगळी खोली त्यांनीच मिळवून दिली होती.

"काय बोलायचं ते मी सांगणार नाही, सांगायचंही नसतं," आधारताई म्हणाल्या. "पण तुझे हक्क ऐकून ठेव. पाणी मागता येतं. थोडं थांबू का, विचारता येतं. प्रश्न कळला नाही तर तसं खुशाल म्हणायचं."

"आणि सगळे कळले तर?"

"मग भाग्यवान आहेस. मला अजून निम्मे वकील कळत नाहीत."

भिंगरी हसली, पण अर्धंच. तेवढ्यात पुकारा झाला.

साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहिल्यावर गंमतच झाली. सरकारी वकिलांनी विचारत जावं आणि हिने सांगत जावं: गज कुठून काढला, काका कसे पडले, तो वळला तेव्हा उजेड तोंडावर कसा आला. आवाज जरासुद्धा कापला नाही. मग त्याचे वकील उठले, अगदी साखरेच्या पाकातला आवाज घेऊन.

"बाळ, तू या माणसाला ओळखतेस का गं?"

भिंगरीचं डोकंच सणकलं. तिची काय त्याच्याशी ऊठबस होती?

"छे. मी कशाला ओळखू असल्या माणसाला?"

"बस, एवढंच हवं होतं," म्हणत वकील खाली बसले.

बरी जिरवली, असं वाटून तिने आधारताईंकडे पाहिलं. ताईंचा चेहरा कोऱ्या भिंतीसारखा. त्यांच्या शेजारी बसलेल्या दुकानदारकाकांनी मात्र मान खाली घातली होती. काय झालं?

सरकारी वकील उठायच्या बेतात होते, पण कारकुनाने लिहिलेली साक्ष वाचायला घेतली होती. ती साक्षीदाराला ऐकवायचीच असते. "आरोपीला मी ओळखत नाही," कारकुनाने सरळ सुरात वाचलं.

भिंगरी कठड्यावरून पुढे वाकली.

"थांबा, हे चुकलंय."

"तू असंच म्हणालीस," न्यायाधीशबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या.

"म्हणाले. पण मला वाटलं, आमची ओळखदेख आहे का विचारतायत. ती नाहीये. ओळख नाही, पण ओळखते. काकांना मारणारा हाच."

त्याचे वकील ताडकन उठले. "हे आत्ता कुणीतरी शिकवलेलं आहे."

"कोण शिकवणार? ताई तिकडे तोंडावर बोट ठेवून बसल्यात, आणि मावशी तर बाहेर आहे."

न्यायाधीशबाईंच्या ओठाचा एक कोपरा हलला. "तिचं पहिलं उत्तर तसंच राहू द्या," त्यांनी कारकुनाला सांगितलं. "त्याखाली हा खुलासा लिहा, तिच्याच शब्दांत."

कारकुनाची बोटं चालू लागली. काकांनी शाबूत कान पुढे करून पुढचं ऐकायला घेतलं.

"मला साक्षीदाराला आणखी विचारायचंय," वकील म्हणाले. आवाजातला पाक आटला होता.

भिंगरीने पाणी मागितलं, सावकाश प्यायली.

"विचारा," ती म्हणाली. "फक्त कुठलं ओळखणं, ते आधी सांगा."