बापाने सांगितलेला शेवट

सादिरकुल अगायच्या, म्हणजे सरांच्या, साठीला बिश्केकच्या विद्यापीठातलं सभागृह खच्चून भरलं होतं. अंगावर भेट आलेला नवाकोरा लांब चापान झगा, डोक्यावर उंच पांढरी टोपी, समोर त्यांचं गाजलेलं पुस्तक. एका जुन्या कादंबरीतली विहीर आधी तहान असते, मग भांडण होते आणि शेवटी वैर कशी होते, याचा त्यात उलगडा. आयत्या बिळावरचा नागोबा! तो उलगडा त्यांच्या विद्यार्थिनीचा, जिपाराचा होता. बावीस वर्षांपूर्वी तिने तो प्रबंधासाठी वहीत लिहून मार्गदर्शक म्हणून त्यांच्या हाती दिला आणि त्यांनी आपल्या नावावर छापला. जिपाराची पदवी बुडाली. ती गावच्या शाळेत शिकवत राहिली.

वही अगायकडेच राहिली, म्हणजे पुरावा गेला. उरली तिची एक चूक. गावच्या वाचनालयातल्या प्रतीची शेवटची पानं मेंढपाळांनी तंबाखू वळायला फाडली होती, म्हणून शेवट तिला बापाने सांगितला होता: नायिका दगड टाकून विहीर बुजवते. तेच वहीत उतरलं आणि वहीतून अगायच्या पुस्तकात. पुढे धड प्रत हाती आली तेव्हा तिने कपाळावर हात मारला, पण तोवर अगायचं पुस्तक बाजारात आलं होतं. मग तिने तोंड शिवून घेतलं. कादंबरी वाचतो कोण? पोरं अगायचंच पुस्तक घोकून पास होत होती.

साठीला जुन्या विद्यार्थ्यांनी एकेक करून उठायचं आणि गुण गायचे, ही रीत. जिपारा कादंबरी घेऊनच उठली.

"अगाय, विहीर बुजवते ते पान तेवढं वाचून दाखवा की! तुमच्या तोंडून ऐकायची फार हौस आहे."

"आता कुठे गं पोरी? जेवणं खोळंबलीत."

"एका पानाने मटण गार होत नाही हो."

लोक हसले. अगायनी तिच्या हातून कादंबरी घेऊन पानं उलटली, पुन्हा उलटली. त्यांचे कान लाल झाले.

"नाही सापडायचं," ती म्हणाली. "ते माझ्या बापाने मेंढरं राखता राखता रचलंय. तुमच्या पुस्तकात कसं आलं?"

"मग चूक तुझी! तूच तसं लिहिलं होतंस!"

सभागृहातल्या माना अगायकडे वळल्या. आपण काय बोलून बसलो ते अगायना सगळ्यांत शेवटी कळलं. जिपाराला इतकं गार वाटलं, की बावीस वर्षांत वाटलं नव्हतं.

अगायना ठसका लागला. त्यांनी पाण्यासाठी हात पुढे केला. सुरई तिच्याजवळ होती. कादंबरीतली नायिका शेवटी त्याच विहिरीचं पाणी वैऱ्याला पाजते. जिपाराला बापाचा शेवट जास्त आवडायचा. स्वतःचा पेला भरून ती सावकाश, तळापर्यंत प्यायली.