भेटीच्या वेळेला फुटणारा झरा

भेटीची वेळ झाली आणि पुरुषांच्या वॉर्डात पाय ठेवायला जागा उरली नाही. आजाऱ्यांना बघायला आलेली माणसं आपापल्या आजाऱ्यांकडे पाठ करून उभी होती. सगळ्यांच्या माना खिडकीजवळच्या खाटेकडे वळलेल्या. तिथं झराबाबा उभा होता. पांढरी कफनी, तेल चोपडलेली दाढी, हातात पाण्याचा जार.

खाटेवर सुतार होता. आडवं झालं की त्याचा श्वास कोंडायचा, म्हणून पाठीशी उशांचा ढीग रचून त्याला बसवलेलं. पाय सुजून खांबासारखे झालेले. खाटेच्या कडेला नळी जोडलेली लघवीची पिशवी लटकत होती, ती सकाळपासून कोरडी ठणठणीत.

"झरा आटलाय," बाबा डोळे मिटून म्हणाला. "मूत्रपिंडं म्हणजे शरीरातले झरे. आणि हे डॉक्टर आटलेल्या झऱ्यातून पाणी ओढायला निघालेत! ओढून कधी झरा फुटतो का? झऱ्याला पाणी दाखवावं लागतं, पाणी!"

त्यानं जारमधलं पाणी सुताराला पेला भरून पाजलं. मग पिशवीवरून हात फिरवला आणि गरजला, "वाहा!"

त्याचा चेला तेवढ्यात सुताराच्या मांडीवरची चादर सारखी करत होता. नळीतून पिवळी धार आली आणि पिशवी भरू लागली.

"आली, आली!" एकच गलका झाला. सुताराची बायको बाबाच्या पायांवर कोसळली.

हात जोडले नाहीत ते एकट्या आक्कानं. आक्का म्हणजे सुताराची थोरली बहीण. तिचा उभा जन्म शिलाई मशीनवर गेलेला. उलट बाजूची शिवण बघितल्याशिवाय ती कुठल्या कापडाला चांगलं म्हणायची नाही.

"वन्सं, पाया पडा ना," भावजय कुजबुजली.

"माझे गुडघे दुखतात. आणि तू नवऱ्याकडे बघ आधी. झरा फुटला म्हणतेस, मग हा माशासारखं तोंड का वासतोय?"

"बाबा म्हणतात, गुण यायला वेळ लागतो."

"पिशवी भरायला बरा नाही लागला वेळ! एका हाकेत भरली."

दुसऱ्या दिवशी सकाळी हृदयाची डॉक्टर आली. वयानं कोवळी, बोलायला सरळ. सुताराच्या मानेवरची फुगलेली शीर तिनं निरखून बघितली, छातीला स्टेथोस्कोप लावला, पायावर बोट दाबलं तर खळगा तसाच राहिला.

"ह्यांच्या अंगात पाणी साठलंय. ते काढायचं इंजेक्शन आजच द्यायला हवं."

"नाही!" भावजय खाटेच्या आड उभी राहिली. "पाणी ओढलंत तर झरा कायमचा आटेल. पहिल्या दिवशी तुम्हीच तर सलाईन लावलं होतं, आणि आता काढायचं म्हणता?"

"लावलं होतं. लघवी कमी, मूत्रपिंडाचा रिपोर्ट बिघडलेला, म्हणून अंगात पाणी कमी असेल असं आम्हाला वाटलं. चुकलो. सलाईननं धाप वाढली, तेव्हा कळलं की मूळ दुखणं वर आहे, हृदयात."

"बघा! स्वतःच्या तोंडानं सांगतात चुकलो म्हणून. बाबा कधी चुकत नाहीत."

"चुकलो म्हणणारा परवडला गं," आक्का म्हणाली. "कधीच न चुकणाऱ्याची मला धास्ती वाटते."

डॉक्टरनं सुतारालाच विचारलं. तो धापा टाकत म्हणाला, "बायको म्हणेल तसं."

"उशीर केलात तर हा माणूस हातचा जाईल," डॉक्टर म्हणाली. पण भावजयीनं मान वळवली.

दिवसभर चेला सेवेच्या नावाखाली सुताराचे पाय चेपत बसला. भावजय जारमधलं पाणी पाजत राहिली. पिशवी पुन्हा कोरडी. दुपार कलली तसा सुतार पोट धरून कण्हू लागला. आक्का उठली आणि तिनं डॉक्टरला गाठलं.

"पोरी, मला एक सांग. माझ्या भावाच्या मूत्रपिंडाला भेटीची वेळ कशी कळते?"

 डॉक्टर जवळजवळ धावतच वॉर्डात आली. गर्दी जमली होती. बाबानं जार उचलला होता.

"बाजूला व्हा."

"अहो, अनुष्ठान चाललंय!" चेला आडवा आला.

डॉक्टरनं ओटीपोट दाबलं. ते तटतटलेलं. "झरा आटलाय, मग हे तळं कुठून भरलं?" असं म्हणत तिनं पिशवीपासून नळी चाचपत हात चादरीखाली नेला. मांडीखाली तो थांबला. बाहेर आला तेव्हा त्यात कपडे वाळत घालायचा चिमटा होता.

नळीतून धार सुटली. मंत्र नाही, हाक नाही.

"हा तुमचा चमत्कार," डॉक्टर म्हणाली. "सकाळी नळी दुमडायची, चिमटा लावायचा, आणि प्रेक्षक जमले की काढायचा."

मागून कुणाची तरी आई किंचाळली, "सकाळी आमच्या पोराचेही पाय चेपून गेला तो चेला, त्याच्याही नळीला चिमटा आहे की!" मग काय विचारता! जो तो आपल्या माणसाची चादर उचकटू लागला. चेला दाराकडे सटकला, तो वॉर्डबॉयच्या मिठीत सापडला.

"काही असो, लघवी तर आली ना?" बाबा उसनं अवसान आणून म्हणाला.

"दिवसभराची साठलेली, आणि तीही जेमतेम दोन पेले!" डॉक्टर भावजयीकडे वळली. तिनं सुताराच्या छातीवर सोनोग्राफीच्या मशीनचं टोक टेकवलं. पडद्यावर हृदय दिसलं, ओझं उचलताना दमलेल्या माणसासारखं कसंबसं हलणारं. "हा पंप थकलाय, बाई. पुढं रक्त कमी ढकलतो, मागं तुंबवतो. मूत्रपिंडं दोन्हीकडून मार खातात. पुढून रक्त अपुरं, मागून दाब. त्यात ह्या चिमट्यानं तिसरा दाब दिला. झरा आटलेला नाही, घर तुंबलंय. आणि तुंबलेल्या घरात तुम्ही जारच्या जार ओतताय."

 भावजयीनं जार उचलून बाबाच्या छातीशी ढकलला.

"तुम्हीच प्या. सगळा. माझ्यासमोर."

बाबा काही प्यायला नाही. त्याला घेऊन जायला पोलीस आले तेव्हाही तो जारकडे बघत नव्हता.

"टोचा इंजेक्शन," भावजय डॉक्टरला म्हणाली.

पाणी उतरायला लागलं, हृदयाची औषधं लागू पडली, मूत्रपिंडं हळूहळू सावरली. एका सकाळी आक्का आली तर सुतार एकाच उशीवर आडवा, गाढ झोपलेला. भावजय शेजारी उरलेल्या उशांच्या खोळी काढत होती.

"वन्सं, माझ्या हातानं पाजलं मी ते पाणी."

"पाजलंस. माणूस वाचावा म्हणूनच पाजलंस. ह्याच आशेवर ते हरामखोर पोट भरतात."

म्हणून सांगणं एवढंच. भीती सगळ्यांनाच वाटते, तिची लाज नाही. पण कुणी हाक मारून झरा फोडला, तर हात जोडायच्या आधी तेच हात चादरीखाली घाला आणि नळी शेवटपर्यंत चाचपा. देव असेल तर तो काही रागावणार नाही. रागावेल तो चिमटेवाला.